महादेवाच्या डोंगरातील आश्रित

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल पचमढीस गेली, तेव्हा आम्हा सहलकरांपैकी कोणाच्याही मनात इतिहास नव्हता. मनात होते ते डबे, शाली, मुलांच्या कानटोप्या आणि पिपरिया स्टेशनवर पहाटे उतरताना सामान नीट मोजले जाईल की नाही याची काळजी. स्मरणिकेच्या संपादकांनी आमच्याकडे मागितला होता तो सहलीचा वृत्तांत. परंतु एका छोट्याशा रानवाटेच्या शेवटी, दरीच्या काठावर, आमच्यातील एका शाळकरी मुलीने जो प्रश्न विचारला तो परतल्यावरही आमच्या मनातून जाईना. त्याचे उत्तर शोधता शोधता जुनी पुस्तके चाळली गेली आणि वृत्तांताऐवजी हा लेख तयार झाला. संपादकांनी क्षमा करावी.

पिपरियाहून पचमढी सुमारे पन्नास किलोमीटर. देनवा नदी ओलांडली की घाट सुरू होतो आणि समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फूट उंचीच्या पठारावर आपण येतो. पठाराभोवती सातपुड्याची सर्वांत उंच शिखरे उभी आहेत. त्यांतील धूपगड १,३५२ मीटर उंच असून मध्य प्रदेशातील ते सर्वोच्च स्थान होय. सह्याद्रीच्या काळ्याभोर कातळावर वाढलेल्या आमच्या डोळ्यांना येथला खडक प्रथम परका वाटला. हा तांबूस वालुकाश्म. पाण्याने तो मऊ लोण्यासारखा कापला जातो, आणि म्हणून येथे डोंगराला कडे जितके आहेत तितक्याच गुहा, कपारी आणि अरुंद, खोल खोहही आहेत. ज्या प्राचीन खडकांच्या मालिकेत हा दगड मोडतो, तिला मेडलिकट या भूवैज्ञानिकाने १८७२ मध्ये 'गोंडवन' हे नाव दिले. पुढे तेच नाव दक्षिण गोलार्धातील एका अख्ख्या लुप्त महाखंडाला मिळाले. गोंडांच्या नावाची एवढी मोठी यात्रा झाली याची गोंडांना मात्र कोणी वर्दी दिली असेल असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी हांडी खोह पाहून झाल्यावर वाहने मागे ठेवून आम्ही प्रियदर्शिनी या ठिकाणाकडे पायी निघालो. हांडी खोह म्हणजे सुमारे तीनशे फूट खोल, सरळ तुटलेली दरी. महादेवाने एका विषारी नागरूपी दैत्याला येथे कोंडले अशी कथा सांगतात. तेथून पुढची वाट रानातली. चढण फारशी नाही, पण पायाखाली पाचोळा आणि सुटी वाळू असल्याने आमच्यातील साठी उलटलेल्यांनी काठ्या घेतल्या होत्या. पचमढीचे रान जाणकारांना प्रिय आहे ते एका विशेष कारणासाठी. साग आणि साल ही दोन झाडे सहसा एकमेकांच्या मुलखात राहत नाहीत. सागाचे राज्य पश्चिमेस, सालाचे पूर्वेस. येथे मात्र सागाच्या मुलखात सालाचे एक बेट राहून गेले आहे. त्यांच्या जोडीला जांभूळ, आवळा, हिरडा, मोह. वाटेत एका उंच फांदीवर शेकरू दिसले आणि मुलांनी एकच कल्ला केला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी परराज्यात भेटला म्हणून वडीलधाऱ्यांनाही थोडे भरून आले.

आमचा वाटाड्या कोरकू होता. त्याच्या बोलण्यात हिंदी होती, पण एका सोबत्याशी तो जी भाषा बोलला तिचा आम्हांस काहीच थांग लागला नाही. गोंडी ही द्राविड कुळातील, तर कोरकू ही मुंडा कुळातील, म्हणजे संथाळी-मुंडारीची आप्त. आपल्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात जे कोरकू राहतात ते याच समाजाचे. सातपुड्याच्या रांगेने त्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या पसरलेली आहे. राज्यांच्या सीमा त्या रांगेवरून फार उशिरा आखल्या गेल्या.

रान एकाएकी संपले आणि समोर दरी उघडली. ते दृश्य वर्णन करण्याचे सामर्थ्य आमच्या लेखणीत नाही. डावीकडे चौरागड, मधोमध महादेवाचा डोंगर, उजवीकडे धूपगड. आणि या तिघांच्या पायथ्याशी, रानाने गच्च भरलेले, निळसर धुक्यात विरघळणारे खोरे. आम्ही सर्वजण काही काळ गप्प होतो. मग कोणीतरी मोठ्याने माहिती सांगू लागले : या जागेचे पूर्वीचे नाव फोर्सिथ पॉइंट, कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८५७ मध्ये येथूनच पचमढी प्रथम पाहिली आणि तिचा शोध लावला. प्रवाशांना सर्वत्र सांगितली जाते ती हीच माहिती. त्यावर ती मुलगी म्हणाली, "शोध त्यांनी लावला, तर मग त्यांना इथपर्यंतची वाट कोणी दाखवली?"

मोठी माणसे हसली. मात्र आमच्याबरोबर मंडळातील सर्वांच्या आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे, माहेर अमरावतीकडचे. त्या खडकावर टेकून बसल्या होत्या, तेथूनच म्हणाल्या, "माह्या आजानं खांद्यावर तिरसूळ घेऊन हे डोंगर चढले. त्याले कोन्या साहेबानं वाट दाखोली होती?"

प्रथम फोर्सिथविषयी, कारण त्या गृहस्थावर आम्हांस अन्याय करावयाचा नाही. १८३८ मध्ये जन्मलेला हा अधिकारी १८६२ मध्ये महादेव डोंगरात आला. तेव्हा मध्य प्रांत नुकताच, म्हणजे १८६१ मध्ये, स्थापन झाला होता. रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीत या अज्ञात डोंगराळ मुलखाची पाहणी करणे, सागाचे रान किती उरले आहे ते मोजणे, ही कामे निघाली होती. पचमढीत फोर्सिथने १८६२ मध्येच एक बंगली बांधली. तिचे नाव बायसन लॉज; बायसन म्हणजे आपला रानगवा. ती आजही उभी आहे. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी, जेमतेम तेहतिसाव्या वर्षी, तो वारला. शिकारीचा भाग वगळला तरी पुस्तक उत्तम आहे. रानाची आणि रानातल्या माणसांची एवढी बारकाईने नोंद घेणारे अधिकारी त्या काळी थोडे. त्या पुस्तकात पचमढीचा कोरकू ठाकूर आहे, त्याचे गाव आहे, महादेवाच्या गुहेला लोटणारे यात्रेकरू आहेत. म्हणजे १८५७ हे साल चुकीचे, आणि शोधाचा किताब तर त्याला पुढल्या लोकांनी बहाल केलेला. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या आम्हांस हे नवल नाही. पाहणी अहवालावर ज्याची सही, त्याच्याच नावावर काम लागते.

फोर्सिथच्या पूर्वी या डोंगराची कोणी नोंदच केली नव्हती असेही नाही. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला स्लीमन हा नर्मदेच्या खोऱ्यात अधिकारी होता. त्याच्या १८४४ साली छापलेल्या प्रवासवर्णनात महादेवाच्या डोंगरावर दरवर्षी भरणाऱ्या जत्रेचा उल्लेख आहे, आणि नवस फेडण्यासाठी तरुण मुले कड्यावरून उडी घेत अशी भयंकर हकीकतही आहे. ज्या स्थळाला हजारो माणसे दरवर्षी येत होती त्याचा 'शोध' अठरा वर्षांनी लागला, हे कोणत्या हिशेबाने म्हणावयाचे?

ही जत्रा आजही आहे, आणि तिच्यात मराठी माणूस फार मोठ्या संख्येने असतो. महाशिवरात्रीस चौरागडावर त्रिशूळ वाहण्यासाठी, आणि श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेसाठी, विदर्भातून गावेच्या गावे येतात. चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेले की देवळाभोवती त्रिशुळांचे लोखंडी रानच दिसते. हाताएवढे त्रिशूळ आहेत आणि चार माणसांनी उचलावेत असेही आहेत. आजींच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे आजोबा पोटी मूल राहावे म्हणून नवस बोलले, तो फेडण्यासाठी गावातल्या मंडळींबरोबर पायी आले, आणि वाटेत ज्या ज्या गावी मुक्काम पडला तेथे महादेवाची गाणी झाली. त्या गाण्यांतील काही आजींना अजून पाठ आहेत. (एक गोष्ट येथेच सांगून टाकावी. नरसिंहपूर जिल्ह्यातही एक चौरागड आहे; राणी दुर्गावतीच्या पश्चात १५६४ मध्ये आसफखानाने घेतला तो गढा-मंडल्याचा किल्ला तो. त्याचा इतिहास पचमढीच्या चौरागडाला चिकटविण्याची चूक अनेकांकडून होते. आमच्याकडूनही बसमध्ये झाली होती.)

महादेव या डोंगरात का आला याची कथा आपण जाणतोच. भस्मासुराला वर दिला आणि तो देवाच्याच मस्तकावर हात ठेवण्यास धावला. महादेव पळाला तो या गुहांत लपला. जटाशंकराच्या कपारीत आजही हीच कथा सांगतात. अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरील सालबर्डीच्या गुहेतही तीच ऐकावयास मिळते. कथेचे खरेखोटे करण्याचे कारण नाही. पण येथला देव विजयी वीराच्या रूपाने येत नाही, जीव वाचविण्यासाठी येतो, हे आमच्या मनात राहिले. मग पचमढीतील इतर नावेही तशीच दिसू लागली. ज्या पाच गुहांवरून गावाचे नाव पडले असे म्हणतात, त्या वनवासातील पांडवांच्या मानल्या जातात. अभ्यासकांच्या मते त्या बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी खोदलेल्या. पांडव असोत वा भिक्षू, घर सोडून आलेलेच.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, ती हकीकत. फोर्सिथच्या चव्वेचाळीस वर्षे अगोदर एक मराठी राजा याच डोंगरात लपून राहिला होता. नागपूरचे अप्पासाहेब भोसले हे ते राजे.

अप्पासाहेब म्हणजे दुसरे मुधोजी. दुसऱ्या रघुजींचे १८१६ मध्ये निधन झाले आणि त्यांचे दुर्बल पुत्र परसोजी गादीवर आले. कारभार अप्पासाहेबांच्या हाती गेला आणि त्यांनी लगोलग, मे १८१६ मध्ये, कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मृतावस्थेत आढळले. संशय अप्पासाहेबांवरच आला आणि तो त्यांना कायमचा चिकटला. तेव्हा ते काही निष्कलंक पुरुष नव्हेत, हे मान्य करूनच पुढे जावे. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुण्याच्या बाजीरावांचे पाहून त्यांनी इंग्रजांवर शस्त्र उचलले. सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ तारखेस लढाई झाली आणि हरली. जानेवारीत त्यांना नावापुरते पुन्हा गादीवर बसविण्यात आले, आणि मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट जेंकिन्सने त्यांना कैद करून अलाहाबादेकडे रवाना केले. मे महिन्यात जबलपूरच्या वाटेवर, पहाऱ्यावरील शिपायांना वश करून, शिपायाच्याच वेषात अप्पासाहेब रात्री निसटले.

निसटून ते कोठे गेले? नागपूर हाती नव्हते, पुणे बुडाले होते, बाजीराव जूनच्या आरंभी माल्कमच्या स्वाधीन झाले. एकेकाळी ज्यांच्या घराण्याचे घोडे कटकापर्यंत दौडले, त्यांना सबंध हिंदुस्थानात एकच जागा उरली : महादेवाचा डोंगर. हर्रईचा गोंड जहागीरदार चैनशाह त्यांच्या पाठीशी उभा राहिला. पचमढीच्या ठाकुराने आश्रय दिला. काही अरब शिपाई आणि पेंढाऱ्यांचा चितू येऊन मिळाला. जुलै १८१८ मध्ये कॅप्टन स्पार्क्सची एक लहान तुकडी बैतूलच्या बाजूस या लोकांनी कापून काढली. नागपूरला कंपनीने तिसऱ्या रघुजींना, एका अल्पवयीन मुलाला, गादीवर बसविले. अप्पासाहेबांना पकडून देणारास मोठे इनाम जाहीर झाले.

ते इनाम कोणीही घेतले नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, हिवाळा आला. ज्यांच्या घरी दोन वेळच्या कोदो-कुटकीची भ्रांत, त्यांनी लाखाच्या घरातील बक्षिसाकडे पाठ फिरवली. भोसल्यांच्या अमलाखाली या डोंगराळ लोकांचे फार कल्याण झाले होते असे इतिहास सांगत नाही. मराठ्यांच्या वसुलीची जरब गोंडांनी भरपूर सोसली होती. तरीसुद्धा दारी आलेल्या मनुष्याला त्यांनी बाहेर काढले नाही. प्रियदर्शिनीच्या काठावर उभे राहून त्या खोऱ्याकडे पाहिले म्हणजे पलटणींना हा मनुष्य का सापडला नाही ते समजते. परंतु त्याला कोणी दाखवून दिले नाही, ते केवळ भूगोलाने समजत नाही.

अखेर १८१९ च्या आरंभी कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजा चहूबाजूंनी डोंगरात शिरू लागल्या, तेव्हा फेब्रुवारीत अप्पासाहेब चितूबरोबर थोड्या स्वारांनिशी पश्चिमेकडे निघाले. चितूला पुढे अशीरगडाजवळच्या रानात वाघाने खाल्ले. अप्पासाहेब अशीरगडाच्या आसऱ्यास गेले. शिंद्यांच्या त्या किल्ल्याला इंग्रजांनी वेढा घातला, ९ एप्रिल १८१९ रोजी किल्ला पडला, पण आत अप्पासाहेब नव्हते. वेष पालटून ते उत्तरेस गेले. लाहोरास रणजितसिंहांनी काही काळ आसरा दिला, मग निरोप दिला. तेथून हिमालयाच्या पायथ्याशी मंडी. शेवटी १८२९ मध्ये जोधपूर. तेथे राजा मानसिंहांनी त्यांना महामंदिरात ठेवून घेतले आणि कंपनीने मागणी करूनही स्वाधीन केले नाही. १८४० मध्ये अप्पासाहेब जोधपुरातच वारले. नागपूर सोडल्यावर बावीस वर्षांत त्यांना ते पुन्हा दिसले नाही. आम्ही जे चार-सहा वर्षांच्या बदल्या कुरकुरत भोगतो, त्यांनी हा आकडा वाचून थोडे गप्प राहिलेले बरे.

अप्पासाहेबांनंतर चाळीस वर्षांनी दुसरा मराठी माणूस या डोंगरापाशी आला. येवल्याचे तात्या टोपे यांनी ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस, पाठीवर इंग्रज फौजा असताना, होशंगाबाद आणि नरसिंहपूर यांच्या दरम्यान नर्मदा ओलांडली. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झालेले होते. तेथे पेशव्यांचा जरीपटका उभारला तर दख्खन उठेल अशी त्यांची उमेद होती. सातपुडा चढून ते मुलताईपर्यंत पोहोचले, पण नागपूरची वाट अगोदरच बंद झाली होती. ते पश्चिमेस वळले, छोटा उदेपूरकडून पुन्हा उत्तरेस गेले, आणि एप्रिल १८५९ मध्ये नरवरच्या मानसिंहाने त्यांना पकडून दिले. १८ एप्रिल रोजी शिवपुरीस त्यांना फाशी झाली. अप्पासाहेबांना राखणारा मानसिंह आणि तात्यांना दगा देणारा मानसिंह, नाव एकच, असो.

तात्यांना या डोंगरात साथ देणारे हर्राकोटचे ठाकूर भभूतसिंह मात्र तात्या गेल्यावरही थांबले नाहीत. देनवेच्या खोऱ्यात ते लढत राहिले, शेवटी पकडले गेले आणि १८६० मध्ये जबलपूरला त्यांना फाशी देण्यात आले. त्यांची जहागीर सरकारजमा झाली. त्या मुलखातील बोरीचे सागवान १८६५ मध्ये राखीव जंगल म्हणून जाहीर झाले. देशातील पहिले राखीव जंगल म्हणून त्याचा गौरवाने उल्लेख होतो. फोर्सिथ १८६२ मध्ये ज्या निवांत पठारावर बंगली बांधू शकला, त्या निवांतपणाच्या मागे दोनच वर्षांपूर्वीची ही फाशी होती. आम्ही वाचलेल्या कोणत्याही मार्गदर्शिकेत या दोन गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या नाहीत. आता थोडा फरक पडतो आहे. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत भरली, आणि पचमढी अभयारण्याला राजा भभूतसिंहांचे नाव देण्याचे जाहीर झाले.

पुढली कथा आपल्या वाडवडिलांच्या अधिक ओळखीची आहे. पचमढी ही मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. राजधानी नागपूर, तेव्हा उन्हाळा आला की नागपूरच्या सचिवालयातील फायलींच्या पेट्या आणि त्यांच्यामागून मराठी कारकून पिपरियाच्या वाटेने वर चढत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरकरांची पचमढी एका रात्रीत परराज्यात राहिली. कारकुनांचे येणे थांबले. त्रिशूळवाल्यांचे थांबले नाही. ते पूर्वीही कोणाच्या हुकुमाने येत नव्हते.

हे सारे त्या दिवशी काठावर उभे असताना आम्हांस ठाऊक नव्हते. तेव्हा त्या मुलीला उत्तर देता आले नाही. तिने वाटाड्यालाच विचारले. तो संकोचून म्हणाला, साहेब आले तेव्हा त्याच्या आज्याच्या आज्याचे गाव येथेच असणार, मग वाट त्यांच्यापैकीच कोणीतरी दाखवली असेल. अप्पासाहेबांचे नाव त्याने ऐकले आहे का, असे आज त्याला विचारावेसे वाटते. ऐकले नसण्याचाच संभव अधिक.

ऊन चौरागडावरून सरकू लागले तसा तो घाई करू लागला, कारण अंधारापूर्वी रानाबाहेर पडावयाचे होते. आजींनी उठताना वाकून दरीकडे हात जोडले. मुले मोजली, दोनदा मोजली, आणि आलो त्याच वाटेने वाटाड्याच्या मागोमाग आम्ही परत निघालो.